जागर आणि लादलेली जाग

रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत निवासी वस्तीत ध्वनिवर्धक वाजू नये, हा भारतातील प्रचलित नियम वरवर पाहता नगरव्यवस्थेचा एक साधा नियम वाटतो आणि म्हणूनच त्याची चर्चा बहुधा पोलिस ठाणे, न्यायालय आणि मंडळाचा मंडप यांच्या पलीकडे जात नाही. परंतु हे आठ तास धर्माच्या दृष्टीने रिकामे नाहीत. एकादशीचा हरिजागर, महाशिवरात्रीच्या चार प्रहरांच्या पूजा, देवीचा गोंधळ, खंडोबाचे जागरण, नाताळची मध्यरात्रीची मिसा, रमजानच्या अखेरच्या दहा रात्रींची उपासना, पहाटेची अजान आणि पहाटेचीच काकडआरती ही सर्व याच मर्यादेत येतात. त्यामुळे राज्याने धर्मावर किती बंधन घालावे, या प्रश्नाच्याही आधी धर्माला स्वतःच्याच घरात एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: ज्या परंपरांनी जागण्याला पुण्य मानले, त्यांच्या दृष्टीने शेजाऱ्याच्या झोपेला काही मोल आहे की नाही? प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे की या परंपरांनी झोपेला मोठे मोल दिलेले आहे, जागरणाचे पुण्य जागणाऱ्याच्या स्वेच्छेवर उभे केलेले आहे, आणि म्हणून दुसऱ्याची झोप मोडून साधलेला जागर कायद्याच्या कसोटीवर उतरण्याआधी धर्माच्याच कसोटीवर उणा ठरतो.

प्रथम नियमाचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ या कायद्याखाली केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू केले. त्यांत औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र असे चार विभाग मानून प्रत्येकासाठी दिवसाची आणि रात्रीची ध्वनिमर्यादा ठरवलेली आहे. निवासी क्षेत्रात ती दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल आहे. रात्रीच्या वेळी सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या लोकांपुरता केलेला वापर किंवा सार्वजनिक आणीबाणी यांखेरीज ध्वनिवर्धकाला मनाई आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीने रात्रीच्या वेळी वाहनांचे भोंगे, फटाके आणि आवाज करणारी बांधकामाची यंत्रे यांवरही मर्यादा घातल्या. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. महाराष्ट्रात गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, ईद-ए-मिलाद, नाताळ यांसारखे दिवस या सवलतीसाठी निवडले जातात. म्हणजे नियमाने उत्सवाला नाकारलेले नाही. त्याने वर्षभरातील बहुसंख्य रात्री झोपणाऱ्याच्या नावे केल्या आहेत आणि थोड्या रात्रींचा पूर्वार्ध उत्सवाला दिला आहे.

डेसिबल हे ध्वनीची तीव्रता मोजण्याचे एकक साध्या बेरजेने वाढत नाही, ही गोष्ट या चर्चेत अनेकदा ध्यानात राहत नाही. दर १० डेसिबलांच्या वाढीबरोबर ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यामुळे ४५ डेसिबलांच्या जागी ७५ डेसिबलांचा आवाज आला, तर तो दीडपटीहून थोडा अधिक ठरत नाही, त्याची ऊर्जा हजारपट असते. माणसाला पापण्या मिटून डोळे बंद करता येतात, परंतु कानाला पापणी नाही, आणि झोपेतही मेंदू आवाजाची दखल घेतच राहतो. झोपलेल्याला पूर्ण जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, झोप उथळ होते आणि सकाळी उठल्यावर शीण अंगात राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत घराबाहेरील रात्रीच्या आवाजाची इष्ट मर्यादा ४० डेसिबल अशी सांगितली आहे. खर्जातला घुमणारा आवाज, जो ‘डॉल्बी’ या नावाने मराठी गावांत ओळखल्या जाणाऱ्या संचातून निघतो, भिंती आणि बंद खिडक्या सहज पार करतो, आणि म्हणूनच ‘त्रास होत असेल तर खिडकी लावून घ्या’ हे उत्तर व्यवहारातही टिकत नाही.

असे असले तरी रात्रजागरणाची परंपरा ही केवळ गोंगाटाची परंपरा समजणे अन्यायाचे होईल. रात्र ही संसारातून मोकळीक मिळण्याची वेळ असल्याने कष्टकऱ्यांच्या देशात उपासनेला, कथेला आणि नाट्याला रात्रच उपलब्ध होती. संबळाच्या ठेक्यावर चालणारा गोंधळ, वाघ्या-मुरळीचे जागरण, सिंधुदुर्गातला दशावतार, गोव्यात शिवोली येथे हिंदू आणि ख्रिस्ती मिळून साजरा करतात तो जागोर, ही सर्व रात्रीची अपत्ये आहेत. यांतील जागरणाला एक तात्त्विक अर्थही आहे. झोप ही देहाची सर्वांत मोठी ओढ असल्याने ती बाजूला सारणे म्हणजे देहाने मनाचे ऐकणे होय, आणि म्हणून उपवासाच्या जोडीला जागर ठेवला गेला. उपवासात अन्न सोडावयाचे, जागरात निद्रा सोडावयाची. उपवासाचे मोल भूक लागलेली असण्यात आहे, तसे जागराचे मोल झोप आलेली असण्यात आहे. झोपेला मुळातच काही किंमत नसती, तर ती देवाला अर्पण करण्यात त्याग कसला झाला असता? जागराच्या परंपरेतच झोपेचा सन्मान असा गृहीत धरलेला आहे.

येथेच संकल्प या संकल्पनेचा विचार करावा लागतो. व्रत घेणारा मनुष्य हातात पाणी घेऊन आपले नाव, गोत्र, तिथी आणि हेतू उच्चारतो आणि अमुक कर्म मी करीन असे ठरवतो. या उच्चारित निश्चयाला संकल्प म्हणतात. यज्ञकर्माचा सूक्ष्म विचार करणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनाने असे मानले की शास्त्रविहित कर्माचे फळ ते कर्म करणाऱ्यालाच मिळते, आणि त्या कर्माचा अधिकार त्याच्या फळाची इच्छा धरणाऱ्यालाच असतो. हा विचार जागराला लावला, तर ज्याने एकादशीचा संकल्प केला तो जागरणाचा अधिकारी ठरतो. शेजारच्या इमारतीत ज्याने संकल्प केलेला नाही, ज्याला त्या फळाची इच्छा नाही आणि ज्याला पहाटे पाचला कामावर जावयाचे आहे, तो रात्रभर जागा राहिला तरी त्याने व्रत केले असे होत नाही. त्याच्या वाट्याला व्रताचे सर्व कष्ट येतात आणि व्रतातील काहीही येत नाही. विजेवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या आधी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, कारण माणसाचा गळा, मृदंगाचे कातडे आणि टाळाचे कासे यांचा आवाज साधारणतः जमलेल्या मंडळींपुरता किंवा एका आळीपुरता पोहोचत असे, आणि त्या आळीतील बरीचशी माणसे त्या जागरात सामील असत. ध्वनिवर्धकाने सहभाग आणि श्रवण यांची ही जोडी तोडली. चार माणसे गात असताना चार हजारांना जागे ठेवण्याची शक्ती प्रथमच माणसाच्या हाती आली, आणि कर्माची व्याप्ती बदलल्यावर त्याचा नैतिक विचार जुन्याच मापाने करता येत नाही.

झोपेविषयी भारतीय तत्त्वज्ञानाने केलेला विचार या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. माण्डूक्य उपनिषदात जागृती आणि स्वप्न यांनंतरची तिसरी अवस्था म्हणून सुषुप्ती, म्हणजे स्वप्नरहित गाढ झोप, सांगितली आहे आणि तिच्यातील जीव आनंदाचा भोक्ता आहे असे म्हटले आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला शिकवतो की गाढ झोपेत मनुष्य सत् या मूळ तत्त्वाशी एकरूप झालेला असतो. बृहदारण्यक उपनिषदातील जनक-याज्ञवल्क्य संवादात तर असे सांगितले आहे की त्या अवस्थेत बाप हा बाप राहत नाही, चोर हा चोर राहत नाही आणि चांडाळ हा चांडाळ राहत नाही. समाजाने चिकटवलेली सर्व ओळख तेथे गळून पडते. याच संवादात एक लोकमत नोंदलेले आहे: झोपलेल्याला एकाएकी जागे करू नये, कारण देहाच्या ज्या भागाकडे आत्मा नीट परतत नाही, तेथे बरा करण्यास कठीण असा विकार होतो. यातील शरीरशास्त्र आजचे नाही हे उघड आहे. परंतु झोपेतून ओढून काढणे ही एक इजा आहे आणि झोपलेला मनुष्य आपल्या अत्यंत मूलभूत अवस्थेत असतो, ही जाण त्या काळच्या विचारवंतांना होती. दिवसभर ज्याला कोणी बरोबरीने वागवत नाही अशा माणसाला बरोबरीची जी एकच अवस्था दररोज लाभते, ती ही झोप होय, आणि तिची मोडतोड म्हणूनच साधी गैरसोय ठरत नाही.

नवरात्रात घरोघरी आणि मंडपांत पठण होणाऱ्या दुर्गासप्तशतीत हाच विचार भक्तीच्या भाषेत आला आहे. तिच्या पाचव्या अध्यायातील देवांनी केलेल्या स्तुतीत देवी सर्व प्राणिमात्रांत कोणकोणत्या रूपांनी वास करते हे सांगताना चेतना, बुद्धी, क्षुधा, दया यांच्या बरोबरीने निद्रेचाही उल्लेख केलेला आहे. प्रथम अध्यायात तर विष्णूच्या डोळ्यांवर असलेली योगनिद्रा हेच देवीचे रूप म्हणून ब्रह्मदेवाने तिची स्तुती केली आहे. या वचनांवर ज्याची श्रद्धा आहे, त्याच्या दृष्टीने मंडपातील मूर्तीत देवी आहे तशी समोरच्या खोलीतील तापाने फणफणून नुकत्याच झोपलेल्या मुलाच्या झोपेतही आहे. मूर्तीपुढे वाजवलेल्या आवाजाने ती झोप मोडत असेल, तर देवीच्या एका रूपाची पूजा करताना तिच्याच दुसऱ्या रूपाचा अवमान घडतो, असा निष्कर्ष काढणे भाग आहे.

महाराष्ट्राच्या धार्मिक जीवनात या विचाराचे मूर्त उदाहरण पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात दिसते. एरवी तेथे रात्री शेजारती होऊन देव निद्रा घेतो आणि पहाटे काकड्याने त्याला उठवले जाते; परंतु आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या काळात देवाचा पलंग काढला जातो, त्याच्या पाठीशी लोड ठेवला जातो, शेजारतीसारखे निद्रेचे उपचार थांबतात आणि वारकऱ्यांना अहोरात्र दर्शन मिळते. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा जावा म्हणून त्याला काढा दिला जातो आणि शेजारती पुन्हा सुरू होते. या रीतीत भक्तांसाठी झोप सोडतो तो देव स्वतः. ज्याने जागायचे त्याने स्वखुशीने जागायचे, जागण्याला निश्चित मुदत असायची, आणि जागण्याने शीण येतो हे देवाच्या बाबतीतही मान्य करून त्यावर उपचार करावयाचा, ही तीन सूत्रे तीत एकत्र आलेली आहेत. ज्या परंपरेने देवालाही झोपेची गरज आहे असे मानून त्याचे अंथरूण घातले, त्या परंपरेच्या अनुयायांनी माणसाच्या झोपेची गरज क्षुल्लक मानणे विसंगत होय.

महाभारतातील सौप्तिकपर्व हा या विचाराचा दुसरा, कठोर आधार आहे. युद्धाच्या अठराव्या दिवसानंतरच्या रात्री अश्वत्थामा पांडवांच्या शिबिरातील झोपलेल्या वीरांवर चालून जाण्याचा बेत करतो, तेव्हा कृपाचार्य त्याला आधी स्वतः झोप घेण्याचा आणि सकाळी उघड लढण्याचा सल्ला देतात, कारण झोपलेल्यावर, शस्त्र ठेवलेल्यावर आणि शरण आलेल्यावर हात उचलणे अधर्म होय. गोंगाट आणि वध यांची बरोबरी करण्याचे कारण नाही. परंतु त्यामागचे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. झोपलेल्याने आपले संरक्षण जगाच्या भरवशावर सोडलेले असते, तो प्रतिवाद करू शकत नाही, मत देऊ शकत नाही, दूर जाऊ शकत नाही. अशा अवस्थेतील माणसाबाबतचे कर्तव्य जागणाऱ्याच्याच माथी येते.

या प्रतिपादनावर भक्तिमार्गातून एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. नामाचा महिमा असा सांगितला जातो की ते जाणूनबुजून घेतले किंवा अजाणता घेतले तरी तारक ठरते; भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाने मरणसमयी आपल्या नारायण नावाच्या मुलाला हाक मारली आणि तेवढ्याने विष्णुदूत त्याच्या रक्षणासाठी आले. मग ज्याच्या कानी इच्छेविरुद्ध नाम पडले, त्याचेही कल्याणच झाले, असे का म्हणू नये? या आक्षेपाला उत्तर असे की अजामिळाने नाम उच्चारले ते स्वतःच्या मुखाने आणि स्वतःच्या प्रेमापोटी; त्याच्यावर ते कोणी लादले नव्हते. शिवाय याच भक्तिपरंपरेने श्रोत्याच्या इच्छेविषयी स्पष्ट नियम घातले आहेत. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस भगवंत सांगतात की ज्याला ऐकण्याची इच्छा नाही त्याला हे ज्ञान सांगू नये. पद्मपुराणात दहा नामापराध, म्हणजे नामाविषयी घडणारे दोष, मोजले आहेत, आणि त्यांत श्रद्धा नसलेल्याला, विमुख असलेल्याला आणि ऐकू न इच्छिणाऱ्याला नामाचा उपदेश करणे हाही एक अपराध गणला आहे. श्रोत्याच्या मनात नामाविषयी आदराऐवजी चीड उत्पन्न होत असेल, तर त्या चिडीचा वाटा नाम लादणाऱ्याकडेही जातो, हा त्यामागील विचार आहे. जपाच्या बाबतीत मनुस्मृतीने मोठ्याने केलेल्या जपापेक्षा उपांशू जप, म्हणजे ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही असा जप, आणि त्याहूनही मनातल्या मनात केलेला जप श्रेष्ठ मानला आहे. कीर्तनातील मोकळ्या गळ्याचे स्थान यामुळे नाहीसे होत नाही. परंतु आवाज जितका मोठा तितकी भक्ती मोठी, ही समजूत मात्र निराधार ठरते.

दुसरा आक्षेप अजानसारख्या प्रथेच्या बाजूने येतो. अजान ही प्रार्थनेची हाक आहे आणि हाक ही दुसऱ्याने ऐकावी यासाठीच असते. तेव्हा तिच्यावर मर्यादा घालणे म्हणजे तिचा हेतूच नाकारणे नव्हे काय? हा आक्षेप मंदिरातील पहाटेच्या घंटेला आणि चर्चच्या घंटेलाही तितकाच लागू आहे. परंतु हाक आणि ती पोहोचवण्याचे यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अजान सुमारे चौदा शतकांची आहे आणि ध्वनिवर्धक विसाव्या शतकाचा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये नेमका हाच भेद करून मानवी आवाजातील अजान हा धर्माचा भाग मानला, पण ध्वनिवर्धक तसा मानला नाही. इस्लामच्या मूळ स्रोतांतही या भेदाला आधार आहे. कुराणाच्या सतराव्या अध्यायात प्रार्थना फार मोठ्याने नको आणि अगदी मूकही नको, मधला मार्ग धरावा असे सांगितले आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती आणि आचरण यांच्या प्रमाण मानल्या गेलेल्या संकलनात, अशी नोंद आहे की प्रेषित रात्री घरी येत तेव्हा जागा असलेल्याला ऐकू जाईल आणि झोपलेला उठणार नाही इतक्याच आवाजात सलाम करीत. रात्रीच्या ध्वनीचा संपूर्ण धर्म या एका आचरणात सामावलेला आहे, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही: अभिवादन टाळले नाही, पण त्याचे माप झोपलेल्याच्या हिशेबाने ठरवले.

अन्य परंपरांतही हेच माप आढळते. पाली भाषेतील सामञ्ञफल सुत्तात राजा अजातशत्रू पौर्णिमेच्या रात्री जीवकाच्या आम्रवनाकडे जात असता मध्येच घाबरतो, कारण जेथे साडेबाराशे भिक्षू आहेत असे त्याला सांगितले होते तेथून खोकल्याचा किंवा शिंकेचाही आवाज येत नव्हता; त्याला तो दगाफटका वाटला, आणि पुढे गेल्यावर तेथे बुद्धांचा शांत बसलेला भिक्षुसंघ दिसला. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात प्रार्थना खोलीचे दार लावून एकांतात करावी असा उपदेश आहे. धर्मसंस्थापकांनी आणि ग्रंथांनी दिलेली ही शिकवण सारखी असताना त्यांच्या नावाने निघणारे आवाज मात्र एकमेकांशी चढाओढ करीत आहेत, ही वस्तुस्थिती कोणत्याही एका समाजाची नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने दोन मार्गांनी केला आहे. एक मार्ग हक्कांचा: १९९६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने भाषणस्वातंत्र्यात न ऐकण्याचे स्वातंत्र्यही येते असे म्हटले, आणि १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाविषयीच्या निकालात शांततेत जगणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग ठरवला. त्या प्रकरणातील एका याचिकेला एका बलात्कारपीडित मुलीच्या हकिकतीची पार्श्वभूमी होती, जिचा आक्रोश शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या आवाजात कोणालाही ऐकू गेला नव्हता. गोंगाट केवळ झोप हिरावून घेत नाही, तो मदतीची हाकही बुडवतो, याची ही भीषण नोंद आहे. दुसरा मार्ग धर्माच्या अत्यावश्यक आचाराचा, म्हणजे जो काढून टाकल्यास धर्माचे स्वरूपच बदलेल अशा आचाराचा: चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात ऑगस्ट २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे मत दिले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये तसेच जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिवर्धकाच्या वापराला धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण नाही असे स्पष्ट केले. हे निकाल योग्य आहेत, पण ते धर्मासाठी पुरेसे नाहीत. न्यायालय एवढेच विचारते की ध्वनिवर्धक धर्माला आवश्यक आहे काय. धर्मनिष्ठाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न याहून कडक आहे, आणि तो असा की आवश्यक नसलेली एखादी गोष्ट दुसऱ्याला दुःख देऊन करणे त्याच्या धर्मात क्षम्य तरी आहे काय.

नियमाने काही मौल्यवान गोष्टी हिरावल्या आहेत हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पुण्यात १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालत असे आणि त्यात उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या त्यांच्या वेळी ऐकावयास मिळत. दहाच्या मर्यादेनंतर त्या समयाचे संगीत खुल्या मांडवातून मागे पडले. तमाशाच्या फडाचा खेळ मुळात रात्री रंगणारा, आणि दहाला पडदा पाडावा लागल्याने कलावंतांच्या पोटावर पाय येतो ही त्यांची तक्रार खोटी नाही. या तोट्यावरील उपाय नियम मोडण्यात नाही. बंदिस्त सभागृहांना असलेली मुभा, वस्तीपासून दूरची मैदाने आणि कमी आवाजात उत्तम ऐकू येईल अशी ध्वनियोजना यांत तो शोधता येतो. लोककलावंतांना अशी जागा परवडणाऱ्या भाड्यात मिळवून देणे हे शासनाचे आणि समाजाचे देणे आहे, कारण झोपणाऱ्याच्या हक्काची किंमत एकट्या कलावंताने मोजावी हे न्याय्य नाही.

अंमलबजावणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. दुहेरी काचा आणि वातानुकूलन असलेल्या घरातील माणूस गोंगाटापासून काही अंशी सुटतो. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे पाच माणसे एका रांगेत झोपतात, उकाड्यामुळे दार उघडे ठेवावे लागते आणि पहाटे चारला नळाला पाणी येते म्हणून घरातील बाईला सर्वांआधी उठावे लागते, तेथे गोंगाटापासून आडोसा नाही. रात्रपाळी करून आलेला सुरक्षारक्षक, पहाटे बाजार समितीत माल उतरवणारा हमाल, दमेकरी म्हातारा आणि बाळंतीण यांनाच गोंगाटाची खरी झळ बसते, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांपुढे तक्रार करण्याची ताकद त्यांच्यातच सर्वांत कमी असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या निकालात तक्रारदाराची ओळख उघड होऊ नये असे पोलिसांना बजावले, त्यामागे हीच भीती आहे. याच्या उलट बाजूने, एका समाजाने आपला आवाज तसाच ठेवून दुसऱ्याच्या आवाजाची तक्रार करणे, भोंग्याला उत्तर म्हणून भोंगा लावणे, हा या नियमाचा दुरुपयोग आहे. अशा तक्रारीत झोपेची काळजी नसते, आणि झोपेची काळजी नसलेल्या हातात हा नियम केवळ वर्चस्वाचे साधन बनतो. ज्याचा नियम सर्वांत आधी स्वतःच्या मंडपावर लागू होतो, त्यालाच तो शेजाऱ्याला सांगण्याचा नैतिक अधिकार आहे.

‘वर्षातून एकच दिवस’ हे उत्तर या संदर्भात वारंवार दिले जाते. परंतु एकाच वस्तीत अनेक समाज, अनेक मंडळे, लग्ने, वाढदिवस आणि मिरवणुका एकत्र असताना प्रत्येकाचा एकच दिवस धरला तरी झोपणाऱ्याच्या वाट्याला अनेक रात्री येतात, आणि त्याच्याकडून प्रत्येक वेळी सहनशीलतेची अपेक्षा केली जाते. सहनशीलता हा धर्माने शिकवलेला गुण खरा, पण तो ज्याने त्याने स्वतः पाळावयाचा असतो. तो दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. गोंगाट करणाऱ्याने शेजाऱ्याला सहनशीलतेचा उपदेश करणे म्हणजे आपल्या उपवासासाठी दुसऱ्याचे ताट ओढून घेण्यासारखे आहे.

यावरून रात्रीच्या शांततेच्या नियमाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी सुचते. योगशास्त्रात यम म्हणजे इतर प्राण्यांशी वागताना स्वतःवर घालून घेतलेली बंधने, आणि त्यांत अहिंसा पहिली आहे. ध्वनीला लागू केलेली अहिंसा हाच या नियमाचा आशय असेल, तर तो बाहेरून आलेला सरकारी जुलूम राहत नाही. धार्मिक मंडळाने आपल्या उत्सवाच्या संकल्पातच समाविष्ट करावा असा तो एक यम ठरतो. मंडळाने दहाला ध्वनिवर्धक बंद करून पुढचा जागर विनायंत्र, आवारापुरता आणि जमलेल्यांच्या गळ्याने चालवला, सवलतीच्या रात्रींची निवड करताना आसपासच्या रुग्णालयांना, विद्यार्थ्यांना आणि अन्य धर्मीय शेजाऱ्यांना विचारले, आणि तक्रार आली तर तक्रारदाराचा शोध न घेता आवाज कमी केला, तर त्या मंडळाने कायदा पाळला एवढेच होत नाही, त्याचा जागर शास्त्राच्या अर्थाने पूर्ण होतो. कारण जागराची परीक्षा जागणाऱ्यांच्या संख्येने किंवा आवाजाने होत नाही. ज्यांनी झोप अर्पण केली ती त्यांची स्वतःची होती काय, एवढ्यावरच ती होते. स्वतःची झोप देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि ते दान थोर आहे. दुसऱ्याची झोप आपल्या मालकीची नसल्याने ती कोणत्याही देवाला अर्पण करता येत नाही.